टाकळीकर सरांचं ‘तत्रैव’

टाकळीकर सरांच्या सत्तरीनिमित्त गौरवग्रंथ निघतो आहे. ‘सरांच्या सहवासातील आठवणी, हजार शब्द, सोबत पासपोर्ट आकाराचा फोटो’ असं पत्र मलाही आलं. पत्राच्या माथ्यावर एक सुविचार छापला आहे आणि त्याखाली आमच्या शिक्षणसंस्थेच्या अध्यक्षांचं नाव आहे. ते वाक्य अध्यक्षांचं नाही. कुणाचं आहे ते सरांना माहीत आहे, ग्रंथालयातल्या गौतम साळवेला माहीत आहे आणि मला माहीत आहे. तिघांपैकी बोलण्याची जबाबदारी माझी होती. मी दहा वर्षं बोललो नाही.

हा लेख गौरवग्रंथात येणार नाही हे उघड आहे. फोटो मी पाठवलेला नाही.

सर अंबाजोगाईच्या एका महाविद्यालयात मराठीचे विभागप्रमुख होते. मी आधी त्यांचा विद्यार्थी आणि नंतर त्यांच्याच विभागात तासिका तत्त्वावर शिकवणारा. तासिका तत्त्वावर असलेला माणूस दर जूनमध्ये नव्यानं उमेदवार होतो आणि दर मार्चमध्ये नव्यानं बेकार. मधल्या काळात तो विभागप्रमुखाच्या मर्जीवर जगतो. सर ही गोष्ट कधी विसरत नसत. ‘सुरवसे, यंदा तुझं बघू,’ असं म्हणून ते मला प्यायचं पाणी आणायला सांगत.

सर वाचत नसत. हे मी विचार करून लिहितो आहे. पुस्तक हातात आलं की ते आधी मलपृष्ठ बघत, मग अर्पणपत्रिका, मग मधलंच कुठलं तरी पान उघडून त्यावर लाल-निळी पेन्सिल धरून बसत. जे वाक्य मागच्यापुढच्या वाक्यांना न घेता एकटं उभं राहू शकेल ते उचलायचं, चिठ्ठीवर लिहायचं आणि पुस्तक मिटायचं. चिठ्ठ्या पेढ्यांच्या रिकाम्या खोक्यांत ठेवत. त्यामुळे त्यांच्याकडच्या बहुतेक थोर विचारांवर तुपाचे डाग होते, आणि उन्हाळ्यात विभागात मुंग्या फार होत. सर वर्गात येताना खोकं घेऊन येत. विषय कोणताही असो, तासाला सात-आठ चिठ्ठ्या वाचल्या की घंटा व्हायची. मुलं वहीत उतरवून घेत. मीही घेतल्या आहेत. त्या वह्या माझ्याकडे अजून आहेत आणि त्यांतलं कुठलं वाक्य खरोखर कुणाचं, याची मला आज खात्री देता येत नाही.

कारण संदर्भाच्या बाबतीत सरांचा स्वतःचा कायदा होता. ‘संदर्भ माणसाच्या लायकीप्रमाणे द्यायचा असतो,’ असं ते मला म्हणाले होते, आणि विनोदानं नव्हे. ज्याच्याकडून काही काम निघण्यासारखं असेल त्याचं नाव पदव्यांसह दोन ओळींत. मेलेल्या मोठ्या माणसाचं नुसतं आडनाव. ज्याच्याशी वाकडं असेल तो ‘अज्ञात’. खेड्यातला माणूस असेल तर ‘लोकमुखातून’. आणि स्वतः सरांना काही सुचलं, किंवा शेजारच्याचं काही आवडलं, की ते ‘एका पाश्चात्त्य विचारवंताचं’ होई.

आमचे इतिहासाचे एक प्राध्यापक वारले तेव्हाची गोष्ट. हे गृहस्थ स्टाफरूममध्ये नेहमी म्हणायचे की, खडू हातात असला म्हणजे आपल्याला सगळं येतं असं वाटायला लागतं, म्हणून मी खडू लवकर खाली ठेवतो. आम्ही सगळ्यांनी ते दहादा ऐकलेलं. शोकसभेत सर उठले, घसा साफ केला आणि म्हणाले, “एका जर्मन शिक्षणतज्ज्ञानं म्हटलं आहे...” आणि हेच वाक्य शब्दशः म्हणाले. पहिल्या रांगेत त्या प्राध्यापकांच्या पत्नी बसल्या होत्या. इतका वेळ त्या खाली बघत होत्या. त्यांनी मान वर करून सरांकडे पाहिलं, मग आमच्याकडे पाहिलं, आणि पुन्हा मान खाली घातली.

नंतर पायऱ्या उतरताना मी धीर करून म्हणालो, “सर, ते वाक्य त्यांचंच होतं.”

“माहितीय मला,” सर म्हणाले. “अरे, त्याच्या नावानं सांगितलं असतं तर कुणी लिहून घेतलं असतं का? जर्मन म्हणताच तिघांनी पेनं काढली. मी त्याचा सन्मानच केला.”

मला त्या वेळी राग आला असं लिहायला मला आवडलं असतं. मी हसलो होतो.

दुसरी आठवण धर्मापुरीची. एम.ए.ची मुलं घेऊन आम्ही तिथलं जुनं देऊळ बघायला गेलो होतो. बाहेरच्या भिंतीवर हातात आरसा घेतलेल्या बाईची मूर्ती आहे. तिचा चेहरा झिजून सपाट झाला आहे. सर तिच्यापुढे उभे राहून शिल्पकलेवरच्या चिठ्ठ्या शोधत होते. तेवढ्यात ओट्यावर बसलेला एक म्हातारा म्हणाला, “तोंड पार झिजलं बघा. पर आरसा सोडला न्हाई बाईनं.”

सर थांबले. “वा! सुरवसे, लिही.”

मी चिठ्ठी काढली आणि म्हाताऱ्याला विचारलं, “काका, नाव काय तुमचं?”

“नाव कशाला विचारतोस?” सर म्हणाले. “‘लोकमुखातून’ लिही.”

म्हातारा सावरून बसला. “कोण लोकमुख? बोललो मी, अन् नाव त्याचं कावून?”

मुलं हसायला लागली. सर त्यांच्या व्यासपीठावरच्या आवाजात म्हणाले, “आजोबा, लोकमुख म्हणजे तुम्ही सगळेच.”

“सगळे कुठं बोलले?” म्हाताऱ्यानं खांबाला टेकून घोरणाऱ्या दोघांकडे हात केला. “हे तर झोपले हायत.”

मी ‘लोकमुखातून’ लिहिलं. ‘पार झिजलं’चं ‘झिजून गेले तरी’ करून सरांनी ते पुढे दिवाळी अंकाला दिलं.

सरांची आणखी एक सवय सांगतो. ते मूळचे कडा गावाकडचे. वर्गात, सभेत, फोनवर त्यांची भाषा धुतल्यासारखी स्वच्छ असे. दुसऱ्याच्या चिठ्ठीत ‘हाय’ किंवा ‘लई’ दिसलं की लाल पेन्सिल चाले. “ग्रंथ आहे हा, बाजार नव्हे.” पण संतापले की धुतलेलं सगळं निघून जायचं. एकदा मी एक खोकं पाडलं आणि चिठ्ठ्या फरशीवर पसरल्या. सर ओरडले, “दिसत न्हाई का बे तुला? डोळे हायत का बटनं?” मला वाटतं, त्यांच्या तोंडून ऐकलेलं, त्यांचं स्वतःचं असं हे एकमेव वाक्य. ते त्यांनी कुठल्याही चिठ्ठीवर लिहिलं नाही.

निवृत्तीच्या वर्षी सरांनी या सगळ्या खोक्यांचा ग्रंथ करायचं ठरवलं. संपादक तेच. संपादनसाहाय्य, म्हणजे सगळं काम, माझ्याकडे. त्याच वर्षी विभागात कायम जागा निघाली होती, मुलाखत पावसाळ्याच्या तोंडाशी होती आणि निवड समितीत सर होते. मी बारा वर्षं या जागेची वाट बघितलेली.

ग्रंथालयात गौतम साळवे परिचर होता. पुस्तकं काढून देणं, लावून ठेवणं हे त्याचं काम. ग्रंथालय संगणकावर गेल्यावर जुनी तालिकापत्रं, म्हणजे पुस्तकांच्या नोंदींची पुठ्ठ्याची कार्डं, रद्दीत निघाली होती. त्यांच्या कोऱ्या पाठीवर गौतम माणसांची बोलणी लिहून ठेवायचा. रिक्षावाल्याचं, भाजीवालीचं, घरच्यांचं. प्रत्येक पत्रावर वाक्य जसंच्या तसं, मग बोलणाऱ्याचं पूर्ण नाव, गाव, काम, कुणाला उद्देशून बोललं आणि ते कुणी ऐकलं. मी पीएच.डी. झालेला माणूस आहे. माझ्या प्रबंधातला एकही संदर्भ इतका पूर्ण नाही.

सरांना हे कळल्यावर त्यांनी गौतमला बोलावून घेतलं आणि साठेक पत्रं मागून घेतली. गौतमनं ती दिली. फक्त म्हणाला, “सर, नावं तेवढी राहू द्या. माझं नसलं तरी चालंल. आईचं दोनदा हाय.”

“अर्थात, अर्थात,” सर म्हणाले.

त्याच्या आईच्या दोन पत्रांपैकी दुसरं मी इथे उतरवतो. ‘रडू नको बाई. ती आत्ताच आली हाय. तिला पैलं तुजं रडणंच दिसायलंय.’ खाली लिहिलं होतं : सुभद्राबाई किसन साळवे, आया, बाळंतपणाचा वॉर्ड, सरकारी दवाखाना, अंबाजोगाई. मुलगी झाली म्हणून रडणाऱ्या बाळंतिणीला. ऐकणारा मुलगा गौतम, डबा द्यायला गेलो होतो तेव्हा.

हस्तलिखित तयार करताना सरांनी मला एक शिस्त घालून दिली. एकाच माणसाचं वाक्य लागोपाठ आलं, की दुसऱ्या वाक्याखाली नाव लिहायचं नाही, ‘तत्रैव’ लिहायचं. म्हणजे वर जो संदर्भ आहे तोच इथे समजावा. विद्वान लोक असंच करतात आणि ते दिसायलाही भारदस्त दिसतं. ‘स्त्रीजीवन’ या विभागात सुभद्राबाईंची दोन्ही वाक्यं लागोपाठ होती. पहिल्याखाली मी त्यांचं पूर्ण नाव लिहिलं. दुसऱ्याखाली ‘तत्रैव’. ती तीन अक्षरं माझ्या हातची आहेत.

शेवटची प्रुफं आली तेव्हा ग्रंथाचं प्रकाशन अध्यक्षांच्या वाढदिवसाला करायचं ठरलं होतं. अध्यक्षांची वाक्यं प्रत्येक विभागात हवीत, आणि ‘स्त्रीजीवन’मध्ये त्यांचं एकही नाही, हे सरांच्या ध्यानात आलं. पानं चाळत ते सुभद्राबाईंच्या नावाशी थांबले.

“आया?” ते म्हणाले. “ग्रंथात आया?”

लाल रेघ मारून त्यांनी पहिलं वाक्य नावासकट काढलं आणि त्या जागी अध्यक्षांच्या स्नेहसंमेलनातल्या भाषणातलं ‘स्त्री ही राष्ट्राच्या भवितव्याची शिल्पकार आहे’ हे घातलं. असं वाक्य सुचायला अध्यक्षच असावं लागतं. खालच्या वाक्याला त्यांनी हात लावला नाही. त्याखाली कुणाचं नाव नव्हतं, म्हणून ते बचावलं.

मी प्रुफं घेऊन छापखान्यात गेलो. तिथला संगणकावर अक्षरजुळणी करणारा मुजीब हुशार माणूस. दुरुस्ती करता करता तो थांबला आणि म्हणाला, “सुरवसे सर, हे खालचं तत्रैव आता वरच्या साहेबाला लागायलंय. बरोबर हाय का?”

मी पडद्याकडे पाहिलं. वर अध्यक्षांचं दोन ओळींचं नाव. खाली ‘रडू नकोस. ती आताच आली आहे. तिला प्रथम तुझे रडणेच दिसते आहे.’ आणि त्याखाली ‘तत्रैव’.

मी मनाशी एक सबब तयार केली. सरांना सांगितलं तर ते हेही वाक्य उडवतील. निदान वाक्य तरी राहू दे. सबब चांगली होती. खरं कारण इतकंच होतं, की मुलाखत आठ दिवसांवर आली होती आणि छपाईला उशीर झाला तर सर कोणावर चिडतील ते मला माहीत होतं.

“चालंल,” मी म्हणालो.

प्रकाशनाला सभागृह भरलं होतं. गौतम आईला घेऊन आला होता. पुस्तकात तिचं नाव आहे असं त्यानं घरी सांगितलेलं. सुभद्राबाई तिसऱ्या रांगेत बसल्या होत्या. ठेंगण्या, रुंद हाडाच्या, नोकरीतून निवृत्त होऊनही वॉर्डात असल्यासारख्या ताठ. सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनी ग्रंथातली निवडक वाक्यं वाचायला घेतली. अध्यक्षांचं ‘राष्ट्राच्या भवितव्याची शिल्पकार’ वाचून झालं. लोकांनी रीतीप्रमाणे टाळ्या दिल्या. मग त्या म्हणाल्या, “आणि साहेबांचंच हे पुढचं काळजाला हात घालणारं वाक्य,” आणि त्यांनी ते वाचलं.

मग अशा टाळ्या पडल्या की अध्यक्ष स्वतः गोंधळले. माइक हातात घेऊन म्हणाले, “मी हे कधी बोललो ते मला आठवत नाही. पण बोललो असेन. बोलण्याच्या ओघात माणूस खूप काही बोलून जातो.”

तिसऱ्या रांगेतून सुभद्राबाईंचा आवाज आला, वॉर्डाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जाणारा. “ह्यो कवा आलता वार्डात?”

मागच्या दोन रांगा हसल्या. सर व्यासपीठावरून म्हणाले, “कृपया शांतता राखा.”

“आगं आय, गप,” गौतम म्हणाला.

“गप कशापायी? माझं बोलणं हाय ते. कुणाच्या बाळंतपणाला बसवलं व्हतं ह्या बाप्याला?”

गौतमनं त्यांना उठवून बाहेर नेलं. कार्यक्रम संपल्यावर तो व्हरांड्यात पुस्तक उलटंपालटं करत उभा होता. त्याच्या साठ पत्रांतली अठरा वाक्यं आली होती. नाव एकाचंही नाही. मला बघून त्यानं विचारलं, “सर, आईचं पान कोणतं हो?”

“दुसऱ्या आवृत्तीत करू,” मी म्हणालो.

सरांना मी दुसऱ्या दिवशी सांगितलं. त्यांनी पान काढलं, वर बघितलं, खाली बघितलं आणि त्यांना सगळं कळलं. ते हसले. “बघ, मला वाटलंच होतं, साहेबांच्या डोक्यात हे यायचं नाही. गप्प बस आता. त्यांना आवडलंय ते.” पुढच्या आठवड्यात माझी निवड झाली.

त्यानंतर ते वाक्य सुटलंच. वक्तृत्व स्पर्धांत मुली ते म्हणायला लागल्या. भाषणं तयार करणाऱ्यांसाठीच्या दोन पुस्तकांत ते आलं. दोन्हींत आधार म्हणून सरांचा ग्रंथ, पृष्ठ एकशे सतरा, असा पद्धतशीर संदर्भ. संस्थेनं मुलींचं वसतिगृह बांधलं तेव्हा दाराशी संगमरवरी पाटीवर ते कोरलं, खाली अध्यक्षांचं नाव. गौतम आणि मी रोज एकमेकांना नमस्कार करत होतो. माझी नोकरी कायम झाली होती. तो पुस्तकं लावून ठेवत होता.

मागच्या महिन्यात गौतम माझ्याकडे आला. त्याची मुलगी यंदा त्या वसतिगृहात राहायला गेली आहे.

“पोरीनं पाटी वाचली,” तो म्हणाला. “घरी येऊन विचारायली, आजीचं बोलणं साहेबाच्या नावानं कावून लावलंय? काय सांगू तिला?”

तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं. लाल रेघ, मुजीबचा प्रश्न, माझं ‘चालंल’. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

“सर, हे मला पैल्या दिवशीच कळलं व्हतं,” तो म्हणाला. “तत्रैव म्हंजे काय ते कळतंय मला, ग्रंथालयात हाय मी. तुमी कवा सांगताय तेवढं बघायलो होतो. दहा वर्सं लावली तुमी.”

त्याच्या स्वरात राग असता तर मला बरं वाटलं असतं. त्यानं माझ्याकडे पाहिलं ते रद्दीत काढायच्या पुस्तकाकडे पाहावं तसं. ठेवायचं का नाही, एवढाच प्रश्न. मग म्हणाला, “दुसरी आवृत्ती निघायलीय म्हणे सत्तरीला. तिच्यात आईचं नाव घाला. ती हाय तवर. बाकी कायी नको.”

मी त्याच दिवशी दुपारी सरांच्या घरी गेलो. सर व्हरांड्यात खुर्चीवर बसले होते, मांडीवर दुसऱ्या आवृत्तीची प्रुफं. केस सगळे पांढरे झाले आहेत, पेन्सिल मात्र तीच, लाल-निळी. मला बस म्हणाले नाहीत. मी उभ्यानंच सांगितलं. एकशे सतरा पानावरचं वाक्य सुभद्राबाई साळवे यांचं आहे. गौतमचं मूळ पत्र माझ्याकडे आहे. मी लेखी द्यायला तयार आहे की चूक माझी होती.

सरांनी पूर्ण ऐकलं. “तुझ्याकडे छापील आधार आहे का?”

“पत्र आहे, सर. त्या बाई स्वतः आहेत.”

“छापील विचारतोय मी. अध्यक्षांच्या बाजूनं तीन ग्रंथ आहेत. शिवाय संगमरवर. तुझ्या बाजूनं काय? रद्दीतलं एक पुठ्ठ्याचं पान आणि एक आया.” त्यांनी पेन्सिलीचं टोक माझ्याकडे केलं. “आणि तू. तुझी नेमणूक कुणी केली हे तू विसरलास, पण कागदोपत्री आहे ते.”

“सर, त्यांतले दोन आपल्याच ग्रंथावरून...”

“म्हणून तर ते भक्कम आहे.”

पण मी बोललो ते अगदी वाया गेलं नाही. त्यांनी प्रुफांतून एकशे सतरा पान शोधून काढलं. चष्मा वर केला, ओळीवरून पेन्सिल फिरवली आणि म्हणाले, “हे तत्रैव मात्र गोंधळाचं आहे. तू म्हणतोस त्यात तेवढं तथ्य आहे.” त्यांनी ‘तत्रैव’वर लाल रेघ मारली. मग पेन्सिल उलटी केली आणि निळ्या टोकानं, प्रत्येक अक्षर सुटं काढत, त्या जागी अध्यक्षांचं नाव लिहिलं. मा. श्री. पासून साहेबांपर्यंत, दोन ओळींत. माझ्यासमोर. लिहून झाल्यावर कागद लांब धरून पाहिला.

“आता कुणाला शंका राहायची नाही,” ते म्हणाले.

मी त्यांच्या हातातून तो कागद ओढून घ्यायला हवा होता. त्या वेळी मला ते सुचलंही होतं. हात पुढे झाला नाही. मी पायऱ्या उतरलो, अंगण ओलांडलं आणि फाटकाबाहेर पडलो. मागून सरांची हाक आली.

“सुरवसे, फाटक लावून घे रे. गुरं आत येतात.”

वळून पाहिलं तेव्हा ते पुढच्या पानावर वाकले होते. माझ्याकडे बघत नव्हते. बघायची त्यांना गरजच नव्हती. मी फाटक ओढलं, आत हात घालून कडी सरकवली, आणि ती नीट बसली की नाही हे एकदा हलवून पाहिलं.